ऑब्जेक्टचा दाखला

गेल्या वर्षी हिंगोलीला शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आला. विषय अर्थातच लायगो-इंडियाचा होता. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ होत असलेली गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, काटकोनात पसरणाऱ्या तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाचे आरसे, लेसर यांबद्दल मी तासभर बोललो. प्रश्नोत्तरे संपत आली तेव्हा महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवणारे एक सर उठले. म्हणाले, "सर, आरशांचे कळले. पण ते यंत्र जी माहिती साठवील, ती आमच्या पोरांना उघडता येईल का? जावामध्ये ऑब्जेक्ट फाइलमध्ये कसा ठेवायचा, एवढे आम्ही शिकवतो. तेवढे पुरेल का?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. चहाच्या वेळी त्यांनी पिशवीतून पाठ्यपुस्तक काढून ते प्रकरण दाखवले. ते वाचल्यावर, "पुरणार नाही" असे स्पष्ट सांगायला हवे होते हे माझ्या लक्षात आले. ही टीका त्या सरांवर नाही आणि त्या एका पुस्तकावरही नाही. मी चाळलेल्या बहुतेक पुस्तकांत हे प्रकरण असेच असते.

ज्यांचा संगणकाच्या आज्ञावलीशी रोजचा संबंध नाही अशा वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण. जावा, पायथॉन यांसारख्या भाषांत माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया एकत्र बांधून जो घटक तयार होतो त्याला ऑब्जेक्ट म्हणतात, आणि तो ज्या आराखड्यावरून तयार होतो त्याला क्लास. आज्ञावली चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट संगणकाच्या स्मृतीत जिवंत असतो. आज्ञावली थांबली की तो गेला. तो उद्यासाठी ठेवायचा असेल किंवा दुसऱ्या संगणकाकडे पाठवायचा असेल, तर त्याला एका ओळीत मांडलेल्या बाइटांचे रूप द्यावे लागते. या क्रियेला सिरियलायझेशन म्हणतात. बाइटांवरून पुन्हा ऑब्जेक्ट उभा करणे ही उलट क्रिया.

आपल्या व्यवसायात याचे चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा पहिली शाळा त्याच्याबद्दल जे जे जाणते ते सगळे काही कागदावर उतरवत नाही. तो कोणत्या बाकावर बसत होता, त्याचे दप्तर कोणत्या खिळ्याला टांगलेले असे, हे दाखल्यात येत नाही. येते ते जनरल रजिस्टरचा क्रमांक, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडण्याचे कारण आणि शेरा. वय लिहीत नाहीत, कारण वय बदलते आणि जन्मतारखेवरून ते केव्हाही काढता येते. जन्मतारीख मात्र अंकी आणि अक्षरी अशी दोनदा लिहितात, म्हणजे एका ठिकाणी शाई फुटली किंवा कोणी खाडाखोड केली तरी दुसऱ्यावरून पडताळता यावे. ज्या कारकुनांनी हा नमुना पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून तयार केला त्यांना संगणकाचे ज्ञान नव्हते. पण दाखला वाचणारा माणूस आपल्याला ओळखत नाही, त्याने आपली शाळा पाहिलेली नाही आणि त्याला शंका आली तर विचारायला आपण तिथे नसू, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता पुस्तकातले उदाहरण पाहा. स्टुडंट नावाचा क्लास. त्यात हजेरी क्रमांक, नाव आणि गुण. क्लासच्या नावापुढे 'इम्प्लिमेंट्स सिरियलायझेबल' असे दोन शब्द लिहायचे. मग एक ऑब्जेक्ट तयार करायचा, तो फाइलमध्ये लिहायचा, पुढच्याच पाच ओळींत त्याच फाइलमधून परत वाचायचा आणि पडद्यावर छापायचा. नाव बरोबर उमटले की प्रयोग यशस्वी. लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही एकाच खोलीत, एकाच मिनिटाला, एकाच संगणकावर, तोच क्लास हातात घेऊन बसलेले. म्हणजे मुख्याध्यापकांनी दाखला लिहिला आणि स्वतःच वाचून पाहिला. यात तपासले काय? ज्या अडचणींसाठी ही क्रिया शिकवायची त्यांपैकी एकही या प्रयोगात येऊ शकत नाही. विद्यार्थी मात्र समजतो की दोन शब्द लिहिले की माहिती कायमची सुरक्षित झाली.

जावाच्या निर्मात्यांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की १९९७ मध्ये जावाच्या १.१ या आवृत्तीत ही सोय आली तेव्हा तिच्यासमोरचे काम वेगळे होते. दोन संगणकांवर एकाच वेळी चालू असलेल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या आज्ञावलींनी ऑब्जेक्टांची देवाणघेवाण करावी, हा तिच्यामागचा एक मुख्य हेतू होता. त्या कामात ती खरोखर हुशार आहे. शिक्षक या ऑब्जेक्टकडे विद्यार्थ्यांची यादी आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे पुन्हा त्याच शिक्षकाचा निर्देश आहे, अशी गुंतागुंत साध्या पद्धतीने लिहायला गेलो तर आपण गोल गोल फिरत राहू. जावा प्रत्येक ऑब्जेक्टला क्रमांक देते, दुसऱ्यांदा भेटला तर फक्त क्रमांक लिहिते, आणि वाचताना सगळी नाती जशीच्या तशी जोडते. गंमत म्हणजे बहुतेक पुस्तके या सोयीचा हा सर्वांत सुंदर भाग गाळतात आणि तीन क्षेत्रांचा स्टुडंट घेऊन बसतात.

अडचण सुरू होते ती मधे काळ गेला की. जावा फाइलमध्ये क्लासचे नाव, क्षेत्रांची नावे, त्यांचे प्रकार आणि किमती लिहिते. क्लास स्वतः लिहीत नाही. शिवाय क्लासची ओळख म्हणून एक मोठी संख्या लिहिते. ही संख्या आपण ठरवून दिली नाही तर जावा ती क्लासच्या बारीकसारीक तपशिलांवरून काढते. पुढच्या वर्षी कोणी त्या क्लासमध्ये एखादी निरुपद्रवी क्रिया वाढवली, तरी संख्या बदलते आणि जुनी फाइल वाचायला नकार मिळतो. संख्या आपण ठरवून दिली तर नकार मिळत नाही. पण मग त्याहून वाईट गोष्ट घडू शकते. समजा, स्टुडंटमध्ये या वर्षी 'विज्ञानाचे गुण' हे नवे क्षेत्र आले. जुन्या फाइलमध्ये ते नव्हतेच. वाचताना जावा तिथे मुकाट्याने शून्य ठेवते. ज्या मुलाने परीक्षा दिली नव्हती आणि ज्याला शून्य गुण मिळाले, ते दोघे सारखेच झाले. कोणता परीक्षक हे चालवून घेईल?

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एरवी ऑब्जेक्ट तयार होताना क्लासमधला कन्स्ट्रक्टर नावाचा भाग चालतो, आणि गुण शंभराच्या वर नाहीत ना, तारीख खरी आहे ना, अशा तपासण्या आपण तिथेच लिहितो. फाइलमधून ऑब्जेक्ट उभा राहताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही. पुढच्या दाराला पहारेकरी आणि मागचे दार सताड उघडे, अशी ही व्यवस्था. कोणी मुद्दाम बनवलेली फाइल हातात दिली तर ती वाचतानाच संगणकावर परकी आज्ञावली चालवता येते, असे प्रकार पुढे उघडकीस आले. २०१८ मध्ये जावाचे मुख्य शिल्पकार मार्क राइनहोल्ड यांनी १९९७ ची ही भर मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. पायथॉनमधल्या पिकल या अशाच सोयीच्या अधिकृत माहितीपत्रकात तर विश्वास नसलेल्या ठिकाणची फाइल उघडू नका, असा ठळक इशारा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांना या गोष्टींची वार्ता लागलेली दिसत नाही.

हे सारे मी पुस्तकातून शिकलो असे नाही. पीएच.डी.च्या काळात एका उपकरणाचे अंशांकन मी असेच एका ऑब्जेक्टमध्ये भरून ठेवले होते. पाचेक वर्षांनी ते लागले. मधल्या काळात मी क्लासचे नाव बदलले होते, काही भाग दुसरीकडे हलवले होते. जुन्या नावाचा क्लास पुन्हा लिहून, खटपट करून फाइल एकदाची उघडली. आकडे मिळाले. 'गेन' या क्षेत्रात एक दशांश अपूर्णांक होता. पण तो कोणत्या एककात? व्होल्टला किती मायक्रॉन, की मायक्रॉनला किती व्होल्ट? ते फक्त माझ्या त्या वेळच्या डोक्यात होते. बाइट परत आले, अर्थ आला नाही, आणि दोन महिन्यांची मोजमापे मला पुन्हा करावी लागली. चूक सर्वस्वी माझी होती. मी दाखला लिहिलाच नव्हता; वर्गाचा फोटो काढून ठेवला होता.

आता हिंगोलीकडे वळू. ज्या १९९७ मध्ये जावाची ही सोय आली, त्याच वर्षीचा क्रमांक असलेला लायगोचा एक दस्तऐवज आहे. अमेरिकेतील लायगो आणि इटलीतील व्हर्गो या दोन वेधशाळांनी मिळून आपली माहिती कशी लिहायची ते त्यात ठरवले. या पद्धतीला फ्रेम म्हणतात. तेव्हा दोन्ही ठिकाणी बांधकामे चालू होती; मोजायला अजून काही नव्हते. माहिती हाती येण्याआधी दाखल्याचा नमुना ठरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

फ्रेम फाइलच्या सुरुवातीला काय असते ते पाहण्यासारखे आहे. प्रथम आयजीडब्ल्यूडी ही चार अक्षरे, म्हणजे ही फाइल कशाची आहे त्याची खूण. मग नमुन्याची आवृत्ती. मग या फाइलमध्ये कोणत्या प्रकारची संख्या किती बाइटांत लिहिली आहे ते. आणि त्यानंतर काही ठरलेल्या संख्या: १२३४, १२३४५६७८ अशा सोळाच्या पायातल्या, आणि चक्क पायची किंमत, एकदा चार बाइटांत, एकदा आठ बाइटांत. पाय कशासाठी? संगणकांच्या दोन जाती आहेत. एक जात संख्येचा मोठा भाग आधी लिहिते, दुसरी लहान भाग आधी. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण २७ लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना 'सत्तावीस' म्हणजे सात आधी म्हणतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असेही वाचन सुचवले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. संगणकांतला हा मतभेदही तसाच आहे. फ्रेम वाचणाऱ्याने आधी ती १२३४ वाचायची. ३४१२ दिसले तर समजायचे की लिहिणारा दुसऱ्या जातीचा होता, आणि पुढे सगळे उलटवून वाचायचे. पाय बरोबर आला तर अपूर्णांकांबद्दलही निश्चिंत व्हायचे. जन्मतारीख अक्षरी लिहिण्याचीच ही रीत. (जावाने बाइटांचा क्रम नियमानेच एक ठरवून टाकला आहे, हे तिच्या बाजूने नोंदवतो.)

एवढ्यावर ते थांबले नाहीत. फ्रेममध्ये जे जे प्रकारचे घटक येणार, त्या प्रत्येकाचे वर्णन, म्हणजे त्यात कोणती क्षेत्रे कोणत्या क्रमाने आहेत ते, फाइलमध्येच लिहिलेले असते. वाचणाऱ्याकडे मूळ आज्ञावली नसली तरी चालेल, ही त्यामागची भूमिका. लायगोने वेधांचे काम २००२ मध्ये सुरू केले, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी, भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली असताना, पहिली गुरुत्वीय लहर नोंदली गेली. चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या आकाराच्याही शेकडो पट लहान होता. दस्तऐवज लिहिणारे वाचकाची कल्पना करत होते ती अठरा वर्षे आधी. त्यांच्या वेळचे संगणक तोपर्यंत केव्हाच मोडीत निघाले होते.

त्या लहरीची माहिती आज सर्वांना खुली आहे आणि तीन रूपांत मिळते: फ्रेम, एचडीएफ५ आणि साधी अक्षरी फाइल. त्या सरांच्या पोरांनी पहिल्यांदा एचडीएफ५ उघडावी असे मी सुचवीन. फाइलच्या नावातच वेधशाळा, आरंभीचा सेकंद आणि लांबी दिलेली असते. त्या घटनेची छोटी फाइल ३२ सेकंदांची आहे; सेकंदाला ४०९६ वाचने, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. आत तीन कप्पे आहेत. एकात फाइलबद्दलची माहिती: कोणते उपकरण, कोणत्या वेळेपासून, किती वेळ. वेळ जीपीएसच्या घड्याळाची, म्हणजे ६ जानेवारी १९८० पासून मोजलेल्या सेकंदांत; त्यामुळे भारतातली दुपार की अमेरिकेतली पहाट हा घोळच नाही. दुसऱ्यात प्रत्यक्ष वाचने आणि दोन वाचनांमधले अंतर. तिसऱ्या कप्प्याला मी दाखल्यातला शेरा म्हणतो. प्रत्येक सेकंदाला माहिती भरवशाची होती की नाही, आणि उपकरणाची परीक्षा घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी स्वतःच आरसा हलवून खोटी लहर घातली होती का, हे त्यात लिहिलेले असते. त्यातल्या खुणांचा अर्थही तिथेच शब्दांत दिलेला आहे. आणि जिथे वाचन उपलब्धच नाही तिथे शून्य घालत नाहीत. 'ही संख्या नव्हे' अशी खास खूण घालतात. गैरहजर मुलाला इथे शून्य गुण मिळत नाहीत.

हे वाचून कोणी लायगोची पद्धत निर्दोष समजू नये. फ्रेम उघडायला तिचेच खास साधन लागते, आणि त्या क्षेत्राबाहेर ती कोणाला माहीत नाही. एचडीएफ५ अधिक प्रचारात आहे, पण तिचे अंतरंग इतके गुंतागुंतीचे आहे की तीही ग्रंथालयातून आणलेल्या तयार आज्ञावलीवाचून वाचता येत नाही. अक्षरी फाइल कोणीही उघडील. पण तिच्यात वर दोन-तीन ओळींची माहिती आणि खाली नुसते आकडे, शेरा गायब. प्रत्येक नमुन्यात काहीतरी दिले आणि काहीतरी सोडले. कोणासाठी काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि नेमके हे ठरवणे पाठ्यपुस्तकात नाही.

खरे तर जावामध्येही ते शिकवता येते. 'ट्रान्झियंट' असा शब्द लावला की ते क्षेत्र लिहिले जात नाही. वयाला तो लावावा. काय लिहायचे आणि वाचताना काय तपासायचे हे 'राइटऑब्जेक्ट' आणि 'रीडऑब्जेक्ट' या दोन क्रिया स्वतः लिहून ठरवता येते. आणखी चांगली सोय 'राइटरिप्लेस' ही आहे. ऑब्जेक्ट स्वतःऐवजी एक साधा प्रतिनिधी पुढे करतो, तोच फाइलमध्ये जातो, आणि वाचताना तो प्रतिनिधी कन्स्ट्रक्टरच्या दारातून, सगळ्या तपासण्या होऊन, नवा ऑब्जेक्ट उभा करतो. मूल शाळेत येते आणि दाखला फाइलला लागतो, तसेच हे. २०२१ मध्ये जावाच्या सोळाव्या आवृत्तीत पक्का झालेला रेकॉर्ड हा प्रकार तर नेहमी कन्स्ट्रक्टरमधूनच परत येतो. या गोष्टी पुस्तकात असल्याच तर शेवटच्या पानावर, 'अधिक माहितीसाठी' म्हणून. परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही.

हिंगोलीहून परतल्यावर मी त्या सरांना पत्र लिहिले आणि एक प्रयोग सुचवला. वर्गाचे दोन गट करायचे. पहिल्या गटाने गावातल्या पावसाच्या किंवा विहिरीच्या पातळीच्या नोंदी ऑब्जेक्टमध्ये भरून, स्वतः ठरवलेल्या नमुन्यात फाइल लिहायची. दुसऱ्या गटाने फक्त ती फाइल घेऊन, जावाऐवजी पायथॉनमध्ये ती वाचायची. मधे बोलायचे नाही, आज्ञावली दाखवायची नाही.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. पहिल्या दिवशी एकाही गटाला दुसऱ्याची फाइल पूर्ण वाचता आली नाही. एका फाइलमध्ये ०५०६ असे लिहिले होते. ते पाच जून की सहा मे, यावर वर्गात बराच वाद झाला. दुसरीत पाण्याची पातळी होती, पण ती काठापासून खाली मोजलेली की तळापासून वर, हे कोणालाच कळेना. पुढच्या आठवड्यात मुलांनी पुन्हा फाइली लिहिल्या. एका मुलीच्या फाइलमध्ये, सरांनी काही न सांगता, तारीख दोनदा होती: एकदा अंकी, एकदा अक्षरी.